पाहिलेल्याची साक्ष

चित्रपट संपून दिवे लागले, दारे उघडली आणि माणसे पायऱ्या उतरू लागली, म्हणजे त्या गर्दीतून जी वाक्ये कानांवर पडतात, "चांगला होता, पण मध्यंतरानंतर पडला", "तिचं काम झकास, त्याचं काही पटलं नाही", "शेवट उगाच गुंडाळला", त्या वाक्यांना विचाराच्या दरबारात जागा नाही आणि ती असूही नये, असा आग्रह धरणारा एक सुविद्य वर्ग आपल्याकडे पूर्वीपासून आहे. सहज म्हणून बोललेले मत हे मतच नव्हे, तो नुसता उद्गार, आणि उद्गारांची देवघेव म्हणजे कालापव्यय, असे या वर्गाचे प्रतिपादन. मला ते मान्य नाही. आणि मान्य नसण्याची कारणे माझ्या उभ्या हयातीच्या नोकरीतून आलेली असल्यामुळे ती येथे सविस्तर मांडतो.

प्रथम प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळानिशी सांगितले पाहिजे, कारण पूर्वपक्ष दुबळा करून मग तो खोडून काढण्यात पुरुषार्थ नाही. ही मंडळी म्हणतात की, चित्रपट ही छायालेखन, संकलन, ध्वनी, अभिनय आणि संहिता यांच्या संयोगातून सिद्ध होणारी कला होय; संकलन कशाशी खातात हे ज्याला ठाऊक नाही त्याने चित्रपट 'लांबला' म्हणणे म्हणजे ज्याने कधी नाडी धरली नाही त्याने रोगाचे निदान करणे. आधाराला ते प्रत्यक्ष कालिदासाला पाचारण करतात: शाकुंतलाच्या प्रस्तावनेतील सूत्रधार नटीला सांगतो की, विद्वानांचा संतोष होईपर्यंत आपण आपले प्रयोगकौशल्य खरे मानीत नाही. याला उत्तर म्हणून मालविकाग्निमित्रातील नाट्याचार्य गणदासाला उभे करता येईल, कारण भिन्न भिन्न रुचीच्या लोकांचे एकत्र समाधान करणारी गोष्ट नाट्य हीच, असे त्याच्या मुखातून तोच कालिदास वदवतो. परंतु वचनाला वचन भिडवून वाद मिटत नाहीत. प्रतिपक्षाची मूळ चूक कोठे आहे ती पाहिली पाहिजे, आणि ती चूक अशी की, त्याने साक्षीदाराला न्यायाधीश समजून, त्याला निवाडा लिहिता येत नाही म्हणून त्याची जबानीच फेटाळून लावली आहे.

माझी बत्तीस वर्षे एका जिल्हा न्यायालयाच्या कचेरीत गेली. दावे, फिर्यादी, कैफियती आणि जबान्या यांच्या दप्तरांत वावरताना जी एक गोष्ट मनावर कायमची बिंबली ती ही की, अक्षरशत्रू माणूससुद्धा, तो जे स्वतः पाहिले तेवढेच सांगत असेल, तर भल्याभल्यांना निरुत्तर करतो. एक म्हातारा शेतकरी साक्षीला उभा होता. बैल उधळून झालेल्या अपघाताचा तो दावा. उलटतपासणीत वकिलांनी त्याला परोपरीने फिरवले, पण तो एकच सांगत राहिला: "बैल बुजला ते बगितलं, कुणी बुजवला ते न्हाई बगितलं." पाहिलेल्याची आणि न पाहिलेल्याची सीमा इतकी स्वच्छ आखणारी माणसे सुशिक्षितांत मला फार थोडी भेटली. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने हेच तत्त्व ग्राह्य धरले होते. त्याच्या ११८ व्या कलमाप्रमाणे साक्ष देण्यास सर्व व्यक्ती पात्र; विचारलेला प्रश्न समजून त्याचे सयुक्तिक उत्तर देता आले म्हणजे झाले, पदवीची अट नाही. ६० व्या कलमाप्रमाणे तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे, म्हणजे पाहिलेली गोष्ट पाहणाऱ्यानेच सांगितली पाहिजे. आणि ४५ व्या कलमात तज्ज्ञांच्या अभिप्रायालाही त्याची जागा आहे. त्या कलमात शास्त्राबरोबर 'कला' हा शब्दही आहे. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी नवा अधिनियम आला, तरी ही व्यवस्था मोडली नाही. तज्ज्ञ आला म्हणून प्रत्यक्षदर्शीला कोणी बाहेर घालवीत नाही.

आता हेच चित्रपटाला लावून पाहावे. "मध्यंतरानंतर मला कंटाळा आला" हे वाक्य संकलनशास्त्रातील सिद्धान्त नव्हे. अमुक एका खुर्चीवर बसलेल्या अमुक एका माणसाच्या बाबतीत काय घडले याची ती जबानी आहे, आणि त्या घटनेचा त्याच्याइतका प्रत्यक्ष साक्षीदार त्रिभुवनात दुसरा नाही. ज्या परंपरेचा हवाला देऊन सामान्य प्रेक्षकाला गप्प बसवले जाते, त्या परंपरेचे आदिपीठ जे भरताचे नाट्यशास्त्र, त्याने तर या उद्गारांना प्रयोगाच्या यशात गणले आहे. २७ व्या अध्यायात भरत सिद्धीचे मानुषी आणि दैविकी असे दोन प्रकार सांगतो, आणि मानुषी सिद्धीच्या लक्षणांत प्रेक्षकाचे स्मित, हसणे, 'साधु', 'अहो', 'कष्टम्' हे तोंडातून निघालेले शब्द, अंगावरचे रोमांच, जागेवरून उठणे, फार काय, अंगावरचे वस्त्र आणि बोटातील अंगठी नटाकडे फेकणे, यांची नोंद करतो. आमच्या संगीत रंगभूमीवर घुमणारा 'वन्स मोअर' हा त्या 'साधु'चाच वंशज. पुढे, नटांनटांत स्पर्धा लागून वाद उत्पन्न झाल्यास परीक्षक कोण असावेत हे सांगताना भरत एकट्या पंडिताला बसवून मोकळा होत नाही. यज्ञ जाणणारा, व्याकरण जाणणारा, छंद जाणणारा यांच्या पंक्तीला तो धनुर्धराला, चित्रकाराला, राजसेवकाला आणि गणिकेला बसवतो, कारण धनुष्य ओढतानाचा पवित्रा खरा की खोटा हे धनुर्धर सांगेल आणि शृंगाराचा अभिनय कोठे लटका पडला हे गणिकेला कळेल. जो ज्यातून गेला त्याला त्यातले कळते, ही त्या व्यवस्थेमागची दृष्टी; आणि तिच्यात, माझ्या मते, आजच्या पुष्कळ परीक्षणांपेक्षा अधिक न्यायबुद्धी आहे.

याचा अनुभव मला २०१६ साली आमच्याच कचेरीत आला. 'सैराट' २९ एप्रिलला लागला आणि त्यानंतर कित्येक दिवस चहाच्या वेळी दुसरा विषय नव्हता. बहुतेकांचे मत एक: मध्यंतरापर्यंत चित्रपट वाऱ्यासारखा जातो, पुढे नायक-नायिका हैदराबादला पोचल्यावर तो रेंगाळतो. मीही तेच म्हणालो. नक्कल विभागात काम करणाऱ्या एक भगिनी, ज्या सहसा बोलत नसत, त्या पेल्यातला चहा तसाच ठेवून म्हणाल्या, "घर सोडून परमुलखात गेलेल्या माणसाचा दिवस लांबच असतो, भाऊसाहेब. मला ते लांबलेलं वाटलंच नाही. ती पाणी भरायला उभी राहते ना, तिथं मी होते." त्यांच्या आयुष्यात काय घडले होते ते कोणी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. पण त्या चित्रपटाच्या उत्तरार्धाची गती ही चूक नसून रचना आहे, हे पुढे जाणकारांच्या लेखांतून मी वाचले ते मला नवे वाटले नाही. मी पुन्हा जाऊन तो चित्रपट पाहिला. शेवटची काही क्षणचित्रे आली तेव्हा भरलेल्या त्या सभागृहात श्वास ऐकू येत नव्हता. आणि जेथे रंगमंडप पूर्ण भरलेला असून शब्द नाही, क्षोभ नाही, ती दैविकी सिद्धी, असे भरत म्हणतो ते मला तेथे समजले. शेवट काय आहे ते सांगत नाही, कारण न पाहिलेल्याचा पहिला अनुभव लुबाडण्याचा अधिकार साक्षीदाराला नाही.

दूरदर्शनच्या मालिकांविषयी तर हा सुविद्य वर्ग अधिकच तुच्छतेने बोलतो: मालिकाच सामान्य, मग तीवरील मत ते काय असणार! २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले त्यानंतरच्या काळात एका घरी संच आणि साऱ्या वाड्याचा त्याच्यापुढे मुक्काम, अशी स्थिती असल्यामुळे मत बनत असे तेच चारचौघांत. आज जो तो आपापल्या हातातील पडद्यावर एकटा पाहतो, आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशीचे ते बोलणे मला अधिक मोलाचे वाटते. शिवाय मालिका पाहणारीच्या बोलण्यात रचनेचे जे भान असते ते ऐकण्यासारखे आहे. 'मालिकेत पाणी घातलंय' हा शब्दप्रयोग कोणा समीक्षकाने घडवलेला नाही. तो स्वयंपाकघरातून आला, कारण माणसे वाढली की आमटीत पाणी जाते आणि चव पातळ होते, हे तिथल्या बाईला रोजचे ठाऊक. आमच्या घरात एका मालिकेविषयी झालेले भाषण असे: "मी कणीक भिजवायला गेले तेव्हा ती दारात उभी होती, पोळ्या झाल्या तरी ती दारातच." कालाच्या अपव्ययाचे याहून नेमके मापन कोणत्या परीक्षणात सापडेल?

आणि अशा बोलण्याला परिणाम नसतो असेही नाही. १९८७ च्या जानेवारीत सुरू झालेली रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका १९८८ च्या जुलैअखेर राज्याभिषेकानंतर संपली, तेव्हा उत्तर भारतातील वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांचे म्हणणे होते की गोष्ट पुरी झालेली नाही. वाल्मीकींच्या आश्रमातील सीता आणि तिचे पुत्र यांच्यावाचून रामकथा संपवता येत नाही. त्यांनी जालंधरपासून संप केला, आणि पुढे उत्तरकथेची मालिका निघाली. आदिकवीला आपला मूळ पुरुष मानणाऱ्या त्या समाजाने दिलेला 'शेवट गुंडाळला' हा अभिप्राय उथळ होता असे म्हणण्यास कोण धजेल?

पाहताक्षणी बनलेले मत कच्चे असते हा आक्षेप मात्र काही अंशी खरा आहे, आणि तो मी नाकारीत नाही. पण कच्चेपणा हा एकट्या सामान्यांचा वाटा नव्हे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी 'शोले' प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्याच दिवसांत व्यवसायातील जाणत्यांनी तो पडला असे ठरवून टाकले होते, आणि शेवट बदलून पुन्हा चित्रित करावा इथपर्यंत निर्मात्यांच्या गोटात खल झाला. प्रेक्षक टाळ्या वाजवीत नव्हते, म्हणून त्यांना चित्रपट आवडला नाही असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. एका चित्रपटगृहाच्या चालकाने मात्र उलट ताडले: आपल्याकडील शीतपेयांचा आणि खाद्यपदार्थांचा खप उतरला आहे, अर्थात माणसे खिळून बसली आहेत. पुढे तोंडोतोंडी बोलणे पसरले, संवाद घरोघर पाठ झाले, त्यांच्या ध्वनिमुद्रिका विकल्या गेल्या, आणि मुंबईच्या मिनर्व्हात तो चित्रपट पाच वर्षे चालला. गर्दी झाली म्हणजे गुणवत्ता सिद्ध झाली असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की, त्या आठवड्यांत घाईचा निवाडा तज्ज्ञांनी दिला आणि साक्ष प्रेक्षकांनी दिली. चुकला तो निवाडा.

ज्याचा निषेध केला पाहिजे ते वेगळेच आहे. ते म्हणजे ऐकीव मत. चित्रपट न पाहता, दुसऱ्याने दिलेल्या ताऱ्यांवरून किंवा कोणाच्या तरी रोषावरून 'टाकाऊ आहे म्हणे' असे बोलणाराने कोणाच्या तरी तोंडचा घास हिरावलेला असतो. न्यायालयात असली जबानी मुळी दाखल करून घेत नाहीत. घराच्या ओट्यावरही घेऊ नये. तितकाच मला 'ज्याची त्याची आवड' हा समंजस दिसणारा पळपुटेपणा खटकतो. वरवर तो उदार वाटतो, पण त्याचा अर्थ असा की, तू काय पाहिलेस ते मला ऐकायचे नाही आणि मी काय पाहिले ते तुला सांगण्याच्या योग्यतेचे नाही. आवड ज्याची त्याची असेल. पण ती बाई दारात किती वेळ उभी होती हा आवडीचा प्रश्न नाही, तो दोघांनी बसून रुजवात घालण्याचा प्रश्न आहे. 'मला आवडला नाही' म्हणणाऱ्याला 'कुठं?' असे विचारावे. तो जागा दाखवू लागला की संभाषण सुरू होते, आणि दाखवू शकला नाही तर निदान त्याला पुन्हा आठवून पाहावेसे वाटते.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या चित्रपटाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. व्हेनिसच्या महोत्सवात २०१४ साली त्याचा गौरव झाला, पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रीय पुरस्कारांतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला, आणि त्यातील स्थिर, दूरस्थ छायालेखनाविषयी विद्वानांनी केलेली चर्चा मी आदराने वाचली आहे. तो मी पाहिला तो आमच्याच न्यायालयातून निवृत्त झालेल्या एका पट्टेवाल्यांच्या सोबतीने. अखेरीकडे एक दृश्य आहे: सुट्टी लागते, दालन रिकामे होते, दिवे एकेक करून मालवले जातात आणि पडदा काळा होऊन बराच वेळ काळाच राहतो. चित्रपट संपला असे समजून आमच्या रांगेतील दोघे उठले, चपला शोधू लागले. मीही अर्धा उठलो होतो. पट्टेवाल्यांनी माझ्या बाहीला धरून मला खाली बसवले आणि पडद्यावरची नजर न काढता हलक्या आवाजात म्हणाले, "थांबा भाऊसाहेब. शेवटचा दिवा घालवला की आत असंच होतं. दार सापडेपर्यंत उभं राहावं लागतं."