आराखड्याआधी ग्रामसभा

आज, २७ सप्टेंबरला, जागतिक पर्यटन दिन आहे. पाच दिवसांनी, २ ऑक्टोबरला, गावोगावी ग्रामसभा भरतील. शिरूर आणि दौंड तालुक्यांत तरी या दोन तारखांची गाठ पडावी, असे आम्हाला मनापासून वाटते.

शिरूरमधल्या मोराची चिंचोलीला पुणेकर जातो तो मोर पाहायला. चुलीवरची भाकरी त्यानंतरची. हे मोर कोणत्याही योजनेतून आलेले नाहीत. पेरलेले दाणे टिपणाऱ्या पाखराला शेतकऱ्याने सोसले, चिंचेच्या जुन्या झाडांवर कुऱ्हाड चालवली नाही, म्हणून ते राहिले. या गावाच्या पर्यटनातले मूळ भांडवल हेच, आणि ते गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घातलेले आहे. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले, ते फार नंतर. मग रस्ता कुठून रुंद करायचा, गाड्या कुठे लावायच्या, हे ठरवताना त्या शेतकऱ्याला शेवटी का विचारायचे?

दौंडकडे वळले की माळरान लागते. सरकारी दप्तरात ते बहुधा ‘पडीक’ असते. पडीक म्हटले की तिथे काहीही बांधायला मोकळीक, असा समज रूढ आहे. पण याच माळावर लांडगा पिल्ले वाढवतो, चिंकारा चरतो आणि धनगरांची मेंढरे हिंडतात. लांडग्याची पिल्ले कोणत्या ओघळीत आहेत, हे मेंढपाळाला ठाऊक असते. नकाशा काढणाऱ्याला नसते.

कचऱ्याचेच पाहा. पर्यटनस्थळाच्या अंदाजपत्रकात कमान असते, दिवे असतात. उष्ट्या अन्नाची सोय क्वचितच असते. उष्टे उघड्यावर पडले की भटकी कुत्री जमतात. शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात त्या कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीपर्यंत येतो. तिथे संध्याकाळी मुलांना अंगणात सोडायलाही आई-बाप धजावत नाहीत. माळरानावर हीच कुत्री लांडग्यांना रोग देतात, त्यांच्याशी संकरही करतात. पुणे परिसरात असा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीतून २०२३ मध्ये सिद्ध झाले. त्या कामात ‘द ग्रासलँड्स ट्रस्ट’ ही पुण्याची संस्था शास्त्रज्ञांबरोबर होती. एका उकिरड्याची जागा चुकल्याने काय काय होऊ शकते, हे अशा संस्था आणि गावकरी एकत्र बसले तरच कामाआधी कळेल.

कायद्याच्या भरवशावर राहता येणार नाही. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार साधारणपणे २०,००० चौरस मीटरपेक्षा कमी बांधकामाला पूर्वमंजुरीच लागत नाही. आपल्याकडची बहुतेक पर्यटनकामे याहून लहान. त्यामुळे जनसुनावणीचा प्रश्नच येत नाही. उरते ती ग्रामसभा, आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत नेमायची समिती. या समितीने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. ही वही कपाटातून काढून आराखड्याशेजारी उघडली, तरी निम्मे प्रश्न तिथेच दिसतील.

लोकांना विचारत बसले की कामे रखडतात, असे सांगितले जाते. शेजारच्या तालुक्यांतला अनुभव वेगळा आहे. इंदापूरच्या कडबनवाडीत आणि बारामतीच्या शिर्सुफळमध्ये वन विभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, तेव्हा वाट दाखवायला गावातलीच मुले घेतली. भिगवणला उजनीच्या फुगवट्यात रोहित पक्षी दाखवतात ते तिथलेच मच्छीमार. थव्यापासून होडी किती लांब थांबवायची, हे त्यांना पाण्यावरच्या रोजच्या वावराने कळते.

ग्रामसभेची दुखणीही आम्ही जाणतो. गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते, आणि कधी विषय समोर येतो तो कार्यादेश निघाल्यावर. म्हणून आमचे मागणे नेमके आहे. पर्यटनाचे जे काम गावात यायचे आहे, त्याचा कच्चा आराखडा मराठीत, सभेच्या आठवडाभर आधी चावडीवर लागावा. नियमित सभेआधीच्या महिला सभेत तो प्रथम मांडावा. कारण उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात पाहुण्यांच्या खोल्यांना पाणी कुठून येणार, हा प्रश्न बायकाच आधी विचारतील. पक्षिमित्र, वन्यजीव संस्था आणि मेंढपाळ यांना सभेचे निमंत्रण जावे. त्यांच्या हरकती इतिवृत्तात शब्दशः नोंदवाव्यात, आणि प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर मिळेपर्यंत निविदा काढू नये.