मान मोडून घेताय? जरा थांबा!

शनिवारची सकाळ. सलूनमध्ये हेअरकट झाला, तेल लागलं, मस्त चंपी झाली. आता शेवटचा आयटम! कारागीर हनुवटी धरतो, एका झटक्यात मान वळवतो आणि... कट्ट! आठवडाभर मॉनिटरसमोर मान घालून बसणाऱ्या आपल्याला याहून स्वस्त सुख कुठे मिळणार?

माझा एक टीममेट हे सुख दर महिन्याला घ्यायचा. वय 31. बीपी नाही, शुगर नाही, सिगरेट नाही. एकदा असाच मान मोडून आला आणि दोन दिवसांनी डाव्या बाजूची मान आणि डोळ्यामागचा भाग ठणकायला लागला. 'उशी बदलायला हवी यार,' म्हणत त्यानं पेनकिलर घेतली. लंचला आमची एक मैत्रीण म्हणाली, 'अरे, तुझा डावा डोळा झोपलाय का?' पापणी खाली आलेली, बाहुली दुसऱ्या डोळ्यापेक्षा लहान. आम्ही सगळे हसलो. ती मात्र सीरियस झाली आणि त्याला जवळजवळ ओढतच हॉस्पिटलला घेऊन गेली.

निदान झालं, कॅरॉटिड धमनीचं डिसेक्शन.

म्हणजे काय? मेंदूला रक्त नेणाऱ्या चार मोठ्या धमन्या मानेतून जातात. पुढे दोन कॅरॉटिड, मागे मणक्यांच्या छिद्रांतून जाणाऱ्या दोन व्हर्टिब्रल. धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. आतल्या थराला चीर पडली की रक्त भिंतीत शिरतं, वाट अरुंद होते, गुठळी बनते. तिचा तुकडा मेंदूत गेला की स्ट्रोक! तरुणांमधल्या स्ट्रोकचं हे एक प्रमुख कारण आहे. आणि पापणीचं काय? तिच्या नसा कॅरॉटिडला चिकटूनच वर जातात. धमनी सुजली की त्या दबतात.

क्रिकेटवेड्यांना फिलिप ह्यूज आठवत असेल. नोव्हेंबर 2014 मध्ये सिडनीत बाउन्सर त्याच्या मानेवर बसला, व्हर्टिब्रल धमनी फाटली आणि मेंदूभोवती रक्तस्राव झाला. दोन दिवसांनी तो गेला. वय फक्त 25.

घाबरू नका, इतका भयंकर प्रकार अत्यंत विरळा. साधं डिसेक्शनही वर्षाला लाखात दोन-तीन जणांनाच होतं. अपघात, जिममधलं जड वजन, कधी नुसता जोराचा खोकलाही निमित्त होतो. काही वेळा चीर आधीच पडलेली असते आणि त्याच दुखण्यासाठी माणूस मान मोडून घ्यायला जातो! म्हणजे दोष दर वेळी झटक्याचाच असतो असं नाही. पण मुद्दाम रिस्क कशाला घ्यायची?

साध्या एक्स-रेमध्ये हे दिसत नाही. सीटी अँजिओग्राफी किंवा एमआरआय लागतो. एमआरआयवर भिंतीत साठलेलं रक्त चक्क चंद्रकोरीसारखं दिसतं. डॉपलर उपयोगी पडतो, पण कवटीजवळची चीर त्यातून निसटू शकते.

उपचार? बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. अॅस्पिरिनसारखं किंवा रक्त पातळ करणारं औषध, साधारण तीन ते सहा महिने. दोन्हींत सरस कोणतं? 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 250 पेशंट्सच्या ब्रिटिश चाचणीत ठळक फरक दिसला नाही, त्यामुळे निर्णय डॉक्टरांचा. स्टेंट मोजक्याच केसेसमध्ये. बऱ्याच धमन्या काही महिन्यांत आपोआप भरून येतात. स्ट्रोक आलाच, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत मिळायला हवं. म्हणून 'सकाळी बघू' चालणार नाही.

हे लक्षात ठेवा:

• मानेत किंवा डोक्याच्या एकाच बाजूला अचानक, कधी न झालेलं असं दुखणं
• एक पापणी खाली येणं, बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं
• तोल जाणं, दोन-दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं

यातलं काहीही दिसलं, तर गुगल नको, मालिश नको. 108 लावा आणि न्यूरॉलॉजिस्ट असलेलं हॉस्पिटल गाठा.

आमचा दोस्त? सहा महिने गोळ्या घेतल्या, परवाचं स्कॅन क्लीन आलं. सलूनमध्ये अजूनही जातो. चंपी झाली की स्वतःच दोन्ही हातांनी मान धरून सांगतो, 'बस भाऊ, इथेच थांबा!'