संकल्प न करणाऱ्यांनो, जरा थांबा

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की मला दोन जमातींची माणसं भेटतात. एक, नव्या वर्षाचे संकल्प करणारी. आणि दुसरी, 'आपण बुवा संकल्पबिंकल्प करत नाही' हे कुणी विचारलेलं नसताना चारचौघांत सांगणारी. पहिल्या जमातीची टिंगल आपण सगळ्यांनी पोटभर करून घेतली आहे. जिमचे वर्षाचे पैसे भरून आठवडाभर जाणारे, डायरीची पहिली सहा पानं सुवाच्य अक्षरात लिहून पुढे तिच्यात दुधाचा हिशेब मांडणारे... झालं हसून. माझं भांडण आहे ते दुसऱ्या जमातीशी. कारण काहीच न ठरवणं हे आता शहाणपणाचं लक्षण समजलं जायला लागलंय, आणि ते मला अजिबात पटत नाही.

यांचं पहिलं म्हणणं असं, की संकल्प टिकतच नाहीत, मग करायचे कशाला? हे इतक्या ठामपणे सांगतात की समोरचा उलट विचारत नाही, न करणाऱ्यांचं पुढे काय होतं? जॉन नॉरक्रॉस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर नेमकं हेच तपासलं. २००२ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका बाजूला नववर्षाचा संकल्प केलेली १५९ माणसं, दुसऱ्या बाजूला बदलायची इच्छा आहे पण संकल्प केलेला नाही अशी १२३ माणसं. सहा महिन्यांनंतर पहिल्या गटातले ४६ टक्के लोक म्हणाले, जमतंय. दुसऱ्या गटातले किती? ४ टक्के. आता फोनवर माणूस स्वतःबद्दल थोडं चढवूनच सांगतो, कबूल. पण चढवायची सोय दोन्ही गटांना होती की!

दुसरं म्हणणं तारखेचं. एक जानेवारी काय आपलं नववर्ष आहे का, आपलं पाडव्याला. हा निरोप मला दर वर्षी ३१ च्या रात्री येतो आणि पाठवणारा बहुधा केक खात असतो. अहो, इंग्लंडातसुद्धा १७५१ पर्यंत कायद्याचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. गुजरात्यांचं दिवाळीत, सरकारचं एक एप्रिलला, शाळेचं जूनमध्ये. तारीख कुठलीही धरा. पाडव्याला तरी काय ठरवता, ते सांगा. (इथे साधारणपणे विषय बदलतो.)

तर मुळात बिघडलं कुठे? माझ्या मते आपण शब्द आपला ठेवला आणि आतला माल बदलला. गुरुजी पूजेला बसवतात तेव्हा हातात पाणी घ्यायला लावतात आणि संकल्प सांगतात, तो जरा कान देऊन ऐका. शालिवाहन शक कितवा, संवत्सर कोणतं, महिना, पक्ष, तिथी, वार, गोदावरीच्या कुठल्या तीरावर तुम्ही बसला आहात, तुमचं गोत्र, तुमचं नाव. सगळा पत्ता नीट सांगून झाल्यावर मग येतं काय करणार ते. आणि ते असतं केवढंसं! आज, इथे, ही पूजा करणार आहे. बस. पाणी ताम्हनात सोडायचं आणि कामाला लागायचं. त्यात 'मी यापुढे अधिक चांगला माणूस होईन' असलं काही नसतं. मी फार देवधर्म करणारी नाही, पण हा मसुदा ज्याने केला त्याला माणूस कळत होता.

चातुर्मासाचे नेमही तसेच. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत. कांदा-लसूण नाही, वांगं नाही, किंवा एखादी आवडती वस्तू सोडायची. त्याला शेवट असतो, उद्यापन असतं, आणि घरातल्या सगळ्यांना माहीत असतं. आमचे अण्णा तंबाखू सोडायचे. एकादशीला डबी देव्हाऱ्याखालच्या फळीवर जायची आणि कार्तिकातल्या द्वादशीला पारणं झालं की परत खिशात. गावात चेष्टा व्हायची, 'काय अण्णा, देवाला चारच महिने भिता?' घरातही व्हायची. अकरा वर्षं त्यांनी हे केलं. अधिक महिना सोडून दिला तरी ४४ महिने होतात. चाळीस वर्षं तंबाखू खाल्लेल्या माणसाने ४४ महिने डबीला हात लावला नाही. कायमची सुटली का? नाही. ते गेले तेव्हा डबी उशाशीच होती. तरी याला अपयश म्हणणाऱ्याने आधी आपला फोन चार महिने फळीवर ठेवून दाखवावा.

आजच्या संकल्पांना नेमका हा शेवटच नसतो. 'यापुढे रोज'! रोज म्हणजे कधीपर्यंत? मरेपर्यंत? मग पहिला खाडा पडला की सगळंच कोसळतं. वर आकड्यांची दहशत. दहा हजार पावलं म्हणे. हा आकडा रूढ झाला तो १९६५ साली जपानात विकायला आलेल्या पावलं मोजायच्या एका यंत्रामुळे. त्या यंत्राचं नावच 'दहा हजार पावलं मोजणारं' असं होतं. म्हणजे डॉक्टरच्या आधी तो दुकानदाराचा आकडा. एकवीस दिवसांत सवय लागते हेही तसंच. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० च्या पुस्तकात लिहिलं, की आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात. 'निदान' गळालं, चेहरा गळाला, एकवीस राहिले. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर खरोखर मोजून पाहिलं (२००९), तर सरासरी निघाली ६६ दिवस, आणि पसारा अठरापासून थेट २५४ पर्यंत. शिवाय एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडत नाही, हेही त्यांना दिसलं. हे मात्र कुठल्या चहाच्या कपावर छापलेलं पाहिलं नाही.

आणखी एक. या सगळ्या यादीत दुसरा माणूसच नाही. माझं वजन, माझी झोप, माझी पुस्तकं, माझी शांतता. आरशासमोर बसून केलेली यादी! आणि 'मी संकल्प करत नाही, मी प्रवाहाबरोबर जाते' म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणींनाही हेच विचारायचं आहे, की प्रवाहाबरोबर जाताना काठावर कोण कोण राहून गेलं, ते बघितलंत का?

माझं सांगते. अण्णा गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या महिन्यात दादाने हक्कसोडपत्र पाठवलं. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतकाच हक्क आहे हे २००५ च्या दुरुस्तीने कायद्यात आलं, पण गावात अजून 'बहिणीने सही करायची असते' हाच कायदा चालतो. मी सही केली नाही. करणारही नाही. हक्कावर पाणी सोडण्याला लोक मायाळूपणा म्हणतात, तो नेहमी एकाच बाजूने का मागितला जातो हा माझा प्रश्न आहे. तेव्हापासून दादा बोलत नाही. तीन भाऊबिजा झाल्या. वहिनी गुपचूप फोन करते, भाच्याचे मार्क सांगते आणि मागून गाडीचा आवाज आला की ठेवून देते.

याबाबतीत 'जे होईल ते होईल' म्हणणं सोपं आहे, आणि त्याला समजूतदारपणा असं नावही मिळतं. होईल काय ते मला दिसतंय. अजून पाच वर्षांनी आम्ही दोघं कुणाच्या तरी लग्नात पंगतीच्या दोन टोकांना बसू आणि दोघंही म्हणू, जाऊ दे आता.

तर मी ठरवलंय. एक जानेवारीपासून पाडव्यापर्यंत दर रविवारी सकाळी साडेनऊला दादाला फोन करायचा. त्या वेळी तो गोठ्यातून येऊन चहा घेत असतो. उचलला नाही तर पुन्हा लावायचा नाही, पुढच्या रविवारी लावायचा. उचलला तर जमिनीचा विषय मी काढणार नाही. त्याने काढला तर जे आहे ते शांतपणे सांगणार, सही नाही म्हणून. एखादा रविवार चुकला तर चुकला. घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, त्यामुळे पळवाट नाही. नवऱ्याचं मत, 'तो उचलणार नाही.' उचलणं हा त्याचा संकल्प, लावणं हा माझा.

पाडव्याला उद्यापन. त्या दिवशी एक तर गावाला जाईन नाहीतर इथेच गुढी उभारीन. श्रीखंड दोन्हीकडे लागेलच. दादाला केशराचं आवडत नाही, वेलचीचं आणावं लागेल.