नजरेची हालचाल, मनाची जखम

उद्यानात फिरताना डोळे इकडून तिकडे हलले की त्रासदायक विचारांची धार बोथट होते, असे अमेरिकेतील फ्रान्सिन शॅपिरो यांना १९८७ मध्ये जाणवले. दोन वर्षांनी त्यांनी आपला पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. ‘ईएमडीआर’ ही उपचारपद्धती त्यातूनच आकाराला आली. रुग्णाने तो भीषण प्रसंग मनात आणायचा आणि चिकित्सकाच्या हलत्या बोटांवर नजर ठेवायची! जादूगाराच्या खेळाची आठवण यावी अशा या पद्धतीकडे अनेक तज्ज्ञांनी संशयाने पाहिले, यात नवल नाही.

मात्र २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आघातोत्तर तणावविकारावर तिची शिफारस केली. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनेही २०१८ मध्ये ती केली. युद्धजन्य आघात मात्र वगळले. गुण येतो, याबद्दल आता फारसे दुमत नाही. तो नजरेच्या हालचालीमुळे येतो काय, हा वाद कायम आहे. २००१ च्या आढाव्यात या हालचालीचा वेगळा लाभ आढळला नाही, २०१३ च्या आढाव्यात तो आढळला.

पीडितांच्या दृष्टीने महत्त्वाची बाब निराळीच आहे. या उपचारात घडलेला प्रसंग तपशीलवार सांगावा लागत नाही. अत्याचार सोसलेल्या स्त्रीला हा केवढा दिलासा! अर्थात बोटे हलविणे आठ टप्प्यांपैकी चौथ्या टप्प्यावर येते. पूर्वेतिहास व मनाची तयारी हे आधीचे टप्पे गाळून जखमेला हात घालणाऱ्या हौशी उपचारकांपासून रुग्णांनी दूर राहिलेलेच बरे.