कांद्याची पायरी कोणती?

पिंपळगाव बसवंतच्या मार्केटात कांदा, टमाटे, द्राक्षं सगळं येतं. कशाला किती भाव ते व्यापारी बोलतो. पण यातलं कुठलं झाड वरचं नि कुठलं खालचं, हे ठरवायचा धंदा वनस्पतीशास्त्राच्या पंडितांनीही केलाय. त्यांचे शब्द : आदिम कुळं, प्रगत कुळं. दोस्तांनो, कुळ आणि पायरी एका ओळीत आले की आपण कान टवकारायचे. पुरावा मागायचा.

जर्मनीच्या एंग्लरनं कांद्यासारखी एकदल झाडं द्विदलांच्या आधी, खाली बसवली. अमेरिकेच्या बेसीनं 1915 साली सांगितलं, एकदल तर द्विदलांतूनच निघाली, मागाहून. कांदा तोच, पायरी बदलली! कोकण किनाऱ्यावरच्या सुरूचं फूल बारीक, बिनपाकळीचं. एंग्लरनं त्याला द्विदलांत तळाला टाकलं. साधा म्हणजे आदिम. पुढं कळलं, सुरूचं फूल झडून साधं झालंय. जनुकं तपासली तर तो अक्रोडाच्या भावकीत निघाला.

मग सोनचाफा सगळ्यांत आदिम ठरवला. 1999 साली जनुकांनी दाखवलं, फुलझाडांच्या मुळाशी पहिली फुटली ती न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या अंबोरेला झुडपाची फांदी. मग अंबोरेला नीच काय? अजिबात नाही. फुलझाडांचे जीवाश्म तेरा कोटी वर्षांपूर्वीपासूनचे सापडतात. तेव्हापासून अंबोरेलाची फांदी जगली तेवढीच कांद्याची जगली, तेवढीच सूर्यफुलाची. कुणी वाटेत थांबून राहिलं नाही.

कुणी म्हणेल, सूर्यफुलाच्या कुळात वीस हजारांवर प्रजाती आहेत, म्हणजे ते प्रगतच. साहेब, ही खानेसुमारी झाली. खानेसुमारीनं कुणी श्रेष्ठ होतो काय?

गुण जुना-नवा असतो, हे खरं. टमाट्याच्या पाकळ्या बुडाशी जुळलेल्या. द्राक्षाच्या शेंड्याला जुळलेल्या. फूल उमलताना टोपीसारख्या गळून पडतात. पाकळ्या जुळणं हा नवा गुण, आणि तो वेगवेगळ्या फांद्यांवर वेगवेगळा आला. पण नवा म्हणजे वरचा कसा? आम्ही गोदीत थप्पी मारतो. वरची गोणी थोर नसते, मागाहून चढलेली असते. शिवाय एकाच झाडात जुने गुण असतात, नवेही असतात. मग अख्ख्या झाडाला पायरी देणार कशी?

म्हणून मास्तर, वर्गात सांगा : हा गुण जुना, हा नवा, ही फांदी इथं फुटली. 'आदिम कुळ', 'प्रगत कुळ' हे शब्द फळ्यावरून पुसा. पोरांच्या डोक्यात उतरंड भरायला गावात माणसं कमी नाहीत. त्यात झाडांना तरी साक्षीला उभं करू नका.