शर्यत कुणी थांबवायची?

‘शर्यत थांबवणं हा स्वाराचा अपमान आहे,’ असं आमच्या भागातले एक गृहस्थ हल्ली जातील तिथे सांगत असतात. शहापूर-मुरबाड पट्ट्यात त्यांच्या शब्दाला वजन आहे. मोटरसायकलीतलं त्यांना कळतं, इंजिनाच्या आवाजावरून ते बिघाड ओळखतात, पोरांना गाड्या तयार करून देतात आणि पोरं त्यांचं ऐकतात. म्हणूनच त्यांचं हे मत मला नुसतं चुकीचं नाही, घातक वाटतं. शेणव्याच्या नाक्यावर मोबाइलवर शर्यत बघत बसलेल्या पोरांना त्यांनी परवा हेच ऐकवलं आणि पोरांनी माना डोलावल्या. ही पोरं उद्या कुठल्या तरी माळावर आखलेल्या मातीच्या ट्रॅकवर उतरणार आहेत. तेव्हा गप्प बसून चालणार नाही.

गृहस्थांचं म्हणणं थोडक्यात असं. स्वार सज्ञान असतो. धोका त्याला ठाऊक असतो, किंबहुना धोक्यासाठीच तो येतो. ट्रॅक ओला झाला, तेल सांडलं, ऊन भाजायला लागलं, तर ज्याला झेपत नाही त्यानं गाडी बाजूला घ्यावी. ज्याला झेपतं त्याला अडवणारा मनोऱ्यात बसलेला साहेब कोण? पूर्वीचे स्वार असल्या लाडात वाढले नव्हते. आणि तिकीट काढून आलेल्या लोकांनी काय म्हणून हात हलवत परत जायचं?

शेवटून सुरुवात करतो. तिकिटाचे पैसे परत करता येतात. या मुद्द्याला याहून जास्त उत्तराची गरज नाही.

पूर्वीच्या स्वारांचं म्हणाल, तर जाकोमो आगोस्तीनीचं नाव गृहस्थांनी ऐकलं असेलच. १५ जागतिक विजेतेपदं, आजवर कुणी त्याच्या पुढे गेलेलं नाही. १९७२ मध्ये आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत पावसा-धुक्यात जिल्बेर्तो पार्लोत्ती हा त्याचा मित्र मेला आणि आगोस्तीनीनं त्या बेटावर पुन्हा कधीही शर्यत खेळणार नाही असं जाहीर केलं. तो पुन्हा तिथे शर्यतीत उतरला नाही. १९७६ नंतर त्या शर्यतीचा जागतिक अजिंक्यपदाचा दर्जाही गेला. याला भित्रा म्हणायची हिंमत कुणात असेल तर त्यानं ती पोरांपुढे नाही, त्या १५ किताबांपुढे दाखवावी.

आता मुख्य मुद्दा. ‘ज्याला झेपत नाही त्यानं गाडी बाजूला घ्यावी.’ ऐकायला किती न्यायाचं वाटतं! पण धोका कुठे आहे हे स्वाराला दिसतं, असं यात गृहीत धरलेलं आहे, आणि ते खोटं आहे. ताशी ३०० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात ८३ मीटर कापते. मातीच्या ट्रॅकवरची गाडी ताशी ७२नं गेली तरी सेकंदाला २० मीटर होतात. वळणापलीकडे काय पडलंय हे त्याला कळेपर्यंत तो त्यावर पोचलेला असतो.

शेणव्याच्या पोरांना हे शर्यतीतून शिकायला नको. आषाढात चिखलणी करून शेतातून वर आलेला ट्रॅक्टर चाकांचा चिखल डांबरी रस्त्यावर, नेमका वळणावर सांडत जातो. वरून भुरभुर पाऊस येतो. पहिला मोटरसायकलवाला आडवा होतो, गाडी घसरत साइडपट्टीपलीकडे जाते. मागून येणारा दुसरा कितीही कसलेला असो, तोही आडवा होतो, कारण पहिला दिसेपर्यंत याचं पुढचं चाक चिखलात गेलेलं असतं. तिसऱ्याला वाचवतो तो बाजूच्या खाचरातला माणूस. तो लावणी सोडून धावत वर येतो, ऐनाची नाहीतर करंजाची फांदी मोडतो आणि वळणाच्या बरीच अलीकडे रस्त्यात टाकतो. फांदी टाकण्याआधी तो येणाऱ्याला ‘तुला झेपेल का रे बाबा?’ असं विचारत नाही.

इटलीतल्या मोंझाला २० मे १९७३ रोजी अशी फांदी कुणी टाकली नाही. ३५० सीसीच्या शर्यतीच्या अखेरच्या फेऱ्यांत एका गाडीतून तेल गळत होतं. ट्रॅक साफ न करताच पुढची २५० सीसीची शर्यत सोडायची तयारी झाली. जॉन डॉड्स या ऑस्ट्रेलियन स्वारानं अधिकाऱ्यांकडे जाऊन तेलाबद्दल सांगितलं. त्याला बाहेर काढण्याची धमकी मिळाली. शर्यत सुटली. पहिल्याच फेरीत वेगवान अशा कुर्वा ग्रांदे वळणावर रेन्झो पासोलिनी पडला, मागून येणारा गतवर्षीचा जगज्जेता यार्नो सारिनेन त्यात सापडला आणि दोघेही गेले. मागच्या डझनभर गाड्या त्या ढिगात शिरल्या, कडेच्या पेंढ्या पेटल्या. कारण तेल होतं की पासोलिनीचं जाम झालेलं इंजिन, हा वाद पुढे पुष्कळ चालला. तो वाद कसाही सुटो, माझ्या मुद्द्याला त्यानं बाध येत नाही. एका स्वारानं तोंड उघडून सांगितलं होतं. गृहस्थ म्हणतात तसं स्वारानं आपलं मत दिलं होतं! त्याचा उपयोग झाला नाही, कारण शर्यत थांबवण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता त्यांना ती सोडायची घाई होती. ४९ दिवसांनी, ८ जुलैला, मोंझाच्या त्याच वळणावर आणखी तीन स्वार मेले.

आणि समजा, धोका दिसला. तरी स्वारानं एकट्यानं काय करायचं? वीस-बावीस गाड्या एकमेकींच्या चाकाला चाक लावून वळणात शिरताना एकानं मूठ सोडली तर मागचा त्याच्यावर आदळणार. आदळला नाही तर पुढे जाणार, आणि वेग कमी करणाऱ्याला दिवसाअखेर ‘त्याला झेपलं नाही’ असा शिक्का मिळणार. हा शिक्का मारणारे कोण? तेच, जे त्याला सज्ञान म्हणतात आणि ‘तुझं तू ठरव’ म्हणून मोकळे होतात. बक्षीस पुढे जाणाऱ्याला द्यायचं आणि मागे राहण्याची जबाबदारीही त्याच्यावरच टाकायची, याला मी स्वातंत्र्य म्हणणार नाही. सगळ्यांनी एकाच वेळी वेग सोडला तरच कुणाचं नुकसान होत नाही, आणि सगळ्यांना एकाच वेळी दिसेल असं ट्रॅकवर एकच असतं: प्रत्येक चौकीवर एकदम फडकलेला लाल झेंडा.

शिवाय शरीर. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतात पहिल्यांदा मोटोजीपी झाली. उकाडा पाहून रविवारची मुख्य शर्यत २४ फेऱ्यांवरून २१वर आणली. मार्को बेत्सेकी जिंकला. दुसरा आलेला जॉर्ज मार्टिन शर्यत संपताच खुर्चीत कोसळला, त्याच्यावर तिथेच उपचार करावे लागले. हा जगातल्या पहिल्या पाचांतला स्वार, तयारीला कसली कमी नाही. कातडी सूटमध्ये शिजत असलेल्या माणसाचं भान सगळ्यात आधी जातं, आणि भान गेलंय हे त्याला स्वतःला कळत नाही. तीन फेऱ्या कमी करण्याचा निर्णय त्याच्यावर सोडला असता तर त्यानं काय सांगितलं असतं? २४ खेळतो, असंच.

इथे गृहस्थ इंग्लंडच्या सिल्व्हरस्टोन ट्रॅकचं उदाहरण पुढे करतात, आणि त्यांच्या भात्यातला हा एकच बाण टोकदार आहे. २६ ऑगस्ट २०१८ ला तिथली शर्यत रद्द झाली, ती स्वारांच्या बैठकीनंतर. म्हणजे स्वारच ठरवू शकतात ना? ठरवू शकतात, पण कसे ते बघा. नवं डांबर पाणी ओढत नव्हतं. आदल्या दिवशी सरावात टिटो राबाट पाण्यावरून घसरून वाळूत उभा होता, तेवढ्यात दुसऱ्याची घसरत आलेली गाडी त्याच्यावर आदळली आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. रविवारी सगळे तासन्‌तास थांबले, मग गाड्यांवरून उतरून, हेल्मेट काढून, एका खोलीत बसून बोलले. एखाद-दुसऱ्याला खेळायचं होतं, बहुसंख्यांना नव्हतं. त्यांनी बसून ठरवलं, मिळून ठरवलं, सुरुवातीच्या आधी ठरवलं. दिवे विझल्यावर, दुसऱ्या वळणावर, पाण्याचा फवारा तोंडावर घेत कुणी ठरवलं नाही. गृहस्थांचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

‘सज्ञान’ या दाव्याचंही एकदा होऊन जाऊ द्या. ५ ऑगस्ट २०२३ ला चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई ट्रॅकवर, राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या फेरीत, बंगळुरूचा १३ वर्षांचा मुलगा पडला आणि डोक्याच्या मारानं गेला. लाल झेंडा तत्काळ दाखवला होता, त्या दोन दिवसांच्या उरलेल्या शर्यती रद्द झाल्या. तेरा वर्षं! आमच्याकडे १६ पूर्ण झाल्याशिवाय बिनगिअरच्या मोपेडचा परवाना मिळत नाही. त्या वयाच्या मुलानं उरावर घेतलेल्या धोक्याचा हिशेब त्याच्याच पदरात टाकणार का? याचं उत्तर गृहस्थांनी मला नको, त्या पोरांच्या आयांना द्यावं.

तो आठवडा आमच्या तालुक्याला दुसऱ्या कारणानंही विसरता येत नाही. चारच दिवस आधी, ३१ जुलैच्या मध्यरात्रीनंतर, शहापूरच्या सरलांबे इथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर उचलणारं यंत्र कोसळून २० माणसं गेली. रात्री उंचावर काम करणाऱ्या मजुराला शंका आली तर ‘थांबा’ म्हणायचा हक्क कुणाला असतो, असं तेव्हा आम्ही एकमेकांना विचारत होतो. शर्यत आली की तोच प्रश्न विचारणारा भेकड कसा ठरतो?

बैलगाडा शर्यतीच्या वादातही हीच भाषा होती. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली, १६ डिसेंबर २०२१ ला सशर्त मोकळीक मिळाली, १८ मे २०२३ ला घटनापीठानं शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा ग्राह्य धरला. अटी घातल्या तर खेळ मरेल, असं तेव्हा छातीठोकपणे सांगणारे होते. धावेच्या लांबीला मर्यादा आली, वैद्यकीय तपासणी आली, आणि यात्रांमधली गर्दी आज सगळे बघतात. बैलाला बोलता येत नाही म्हणून त्याच्यासाठी दुसऱ्या कुणी ‘पुरे’ म्हणायला हवं, हे सगळ्यांनी मान्य केलं. हेल्मेटच्या आत, इंजिनाच्या आवाजात, स्वारालाही बोलता येत नाही.

‘आमचा जीव, आम्ही बघू’ हे वाक्यही जुनंच. माळशेजला पावसाळ्यात मनाई हुकूम निघाला की दरवर्षी ऐकू येतं. बघतं कोण? दोर घेऊन दरीत उतरतात ती मुरबाडकडची पोरं. ट्रॅकवर तसाच वळणावर उभा असलेला मार्शल असतो, स्ट्रेचर घेऊन धावणारे दोघे असतात. पडलेल्याला उचलायला ते चालू शर्यतीत आत शिरतात. त्यांनी तर कुठला किताब जिंकायचा नसतो.

मग करायचं काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक जागी सरकारच्या लेखी संमतीशिवाय वाहनांची शर्यत हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड. संमती कुणाची हे तिथे लिहिलंय. चालू शर्यत थांबवायची कुणी, हे आयोजकांनी आपल्या कागदावर लिहायला हवं. एकच माणूस, त्याचं नाव आदल्या दिवशी सगळ्यांना माहीत, आणि ज्याचा त्या दिवशी बक्षिसात, तिकिटात किंवा गाडीत पैसा नाही असा. वळणावरच्या कुठल्याही मार्शलला नुसती शंका आली तरी पुरे, पुरावा नंतर. रुग्णवाहिका जखमीला घेऊन शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे निघाली की दुसरी हजर होईपर्यंत एकही गाडी सुटता कामा नये. निकाल शेवटच्या पूर्ण झालेल्या फेरीवरून लावायचा, म्हणजे पुढे असलेल्याची तक्रार राहत नाही. आणि झेंडा उगाच दाखवला गेला असं नंतर ठरलं तरी दाखवणाऱ्याला कुणी बोल लावायचा नाही, हे भोंग्यावरून सकाळीच जाहीर करायचं.

आमच्या भागात पुढे असा ट्रॅक आखला गेला तर थांबवणारा म्हणून त्या गृहस्थांचंच नाव मी सुचवीन. आवाजावरून बिघाड ओळखणारा दुसरा माणूस इथे नाही. अट एकच, त्या दिवशी त्यांनी तयार केलेली एकही गाडी ट्रॅकवर नसावी.