सहा आठवडे

डिस्चार्ज कार्डावरची शेवटची ओळ होती : सहा आठवडे जड वजन उचलू नये. कार्ड इंग्रजीत होतं, म्हणून मी ते अण्णांना मराठीत वाचून दाखवलं. अण्णा हसले. मग माझी पिशवी, थर्मास आणि आईने दिलेली गोधडी एकदम उचलून रिक्षाकडे निघाले. चालताना त्यांचा डावा हात नेहमीसारखा जांघेवर दाबलेला होता.

अण्णांनी चौतीस वर्षं तालुक्याच्या आडत बाजारात हमाली केली. सुरुवातीची बरीच वर्षं पोतं शंभर किलोचं असायचं. त्यांना हर्निया आहे आणि मला आठवतं तेव्हापासून आहे. गाठ बाहेर आली की ते कोपऱ्यात आडवे व्हायचे, हाताने ती आत सारायचे, पट्टा आवळायचे आणि पुन्हा कामाला. गेल्या महिन्यात माझं ऑपरेशन झालं तेही हर्नियाचंच. मी पोतं उचललेलं नाही. मी ज्युनिअर कॉलेजात शिकवतो.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पाठीच्या कण्यात इंजेक्शन दिलं, पाय आपले राहिले नाहीत, तासाभरात बाहेर. दुसऱ्या दिवशी चालवलं. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरा असं सिस्टरने शिकवलं, ते फार उपयोगी पडलं. हसताना मात्र उशीचाही उपयोग होत नाही.

शेजारच्या खाटेवर एक शेतमजूर काका होते. त्यांच्यापुढे संमतीपत्र आलं तेही इंग्रजीत, आणि शाईचा पॅड सोबतच. मी म्हटलं, थांबा, आधी वाचू या. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की आजार काय, उपचार काय, धोका काय, दुसरा पर्याय काय, हे रुग्णाला समजेल असं सांगितल्याशिवाय संमती खरी ठरत नाही. मी हे निवासी डॉक्टरांना भीत भीतच म्हणालो. त्या चिडल्या नाहीत. खाटेवर बसल्या, कागदाच्या मागे चित्र काढलं आणि पाच मिनिटांत सगळं समजावलं. काकांनी एकच प्रश्न विचारला, "कामावर कधी जाता येईल?"

हाच प्रश्न मी आधीही ऐकला होता. मी सातवीत असताना गावाजवळ शिबिर भरलं होतं. सर्जन अण्णांना म्हणाले, ऑपरेशन फुकट करून देतो. अण्णांनी विचारलं, पोतं किती दिवसांनी उचलता येईल? डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने तरी नाही. अण्णांनी टोपी घातली आणि उठले. टोळीत जो आला नाही त्याचा वाटा नसतो. आम्ही चार पोरं होतो.

गरीब माणूस पैशाअभावी किंवा अज्ञानामुळे ऑपरेशन टाळतो असं आपण सहज म्हणतो. हर्नियाच्या बाबतीत तरी ही अर्धीच गोष्ट आहे. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेलं मच्छरदाणीचं कापड वापरून हर्नियाची ऑपरेशनं केली. त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत छापून आले. पुढे युगांडात स्वस्त आणि महाग जाळीची तुलना करणारी चाचणी झाली, ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभराने दोन्हींत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. म्हणजे जाळीला तोड निघाली. दवाखान्याच्या बिलालाही, निदान कागदावर, निघाली आहे : आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत, घरी गेल्यावर पंधरा दिवसांची औषधंही आहेत. बुडालेल्या मजुरीचा मात्र त्यात एक रुपया नाही.

माझ्या सहा आठवड्यांची सोय आधीच झालेली होती. अर्धपगारी रजा खात्यात होती, वैद्यकीय दाखला जोडला, ती परिवर्तित झाली, पगार पूर्ण. कारखान्यात महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ईएसआयमधून वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांनी गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या पगारी विश्रांतीचं विधेयक उचलून धरलं होतं, ते याच हक्कासाठी. विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नसून कामाच्या मोबदल्याचा भाग आहे, असा त्याचा अर्थ. पण आपल्याकडे कुणी वाहायचं आणि कुणी टेकून बसायचं हे जन्मावरून ठरत आलं. वाहणाऱ्यांची बहुतेक कामं या तरतुदींच्या बाहेरच राहिली. हमालांसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी कायदा आहे. आमच्या बाजारात तो भाषणापुरता यायचा.

बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या बाबतीत तर हे पार उलटं फिरलेलं दिसतं. तिथे खाडा पडू नये म्हणून गर्भपिशव्या काढल्या जातात, हे २०१९ मध्ये विधिमंडळात गाजलं, समितीही नेमली गेली. ऑपरेशन करायला पैसे उचल म्हणून मिळतात, त्यानंतर पडून राहायला मिळत नाहीत.

एका राज्याने हे ओळखलं होतं. आंध्र प्रदेशाने डिसेंबर २०१९ मध्ये 'आरोग्य आसरा' सुरू केली. ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस विश्रांतीसाठी रोज २२५ रुपये, महिन्याला जास्तीत जास्त ५,०००. एवढ्यात घर चालत नाही, हे मलाही कळतं. पण डॉक्टरने लिहिलेली विश्रांती हा औषधासारखाच खर्च आहे, हे सरकारने हिशोबात धरलं. आपल्या राज्यांत, आपल्या आमदारांकडे आपण हे का मागत नाही? जनआरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये जाळी, टाके, खाट सगळं मोजलेलं असतं. त्यात सहा आठवडेही मोजा, एवढंच.

हे लिहिताना मला माझी लाज वाटते, तीही सांगतो. मला नोकरी लागून नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत मोटारसायकल आली, घराचा हप्ता सुरू झाला, बहिणीचं लग्न झालं. अण्णांचा पट्टा मी दोनदा बदलून आणला, मेडिकलवर साईज सांगून. ऑपरेशनचा विषय एकदाही काढला नाही. त्यांची ती दाबलेली चाल माझ्या नजरेला घरातल्या भिंतीसारखी सवयीची झाली होती. आत न जाणारी गाठ, दुखणं आणि उलट्या एकत्र आल्या तर आतडं अडकलेलं असू शकतं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो, हे मला माझ्या ऑपरेशनच्या वेळी कळलं. तुमच्याही घरी असा पट्टा असेल तर हे लक्षात असू द्या.

बाराव्या दिवशी टाके काढून आलो आणि अण्णांना विचारलं. ते आता एका गुदामावर रात्रीची राखण करतात. म्हणाले, "दोन महिने मी नाही गेलो तर तो दुसरा ठेवंल." मी म्हटलं, दोन महिन्यांचे पैसे मी देतो. "पैशाचं नाही रे. जागा जाईल."

काल त्यांच्या मालकाशी फोनवर बोललो. जागा ठेवतो म्हणाला, तोंडी. सोमवारी मी दोन ओळी लिहून घ्यायला जाणार आहे. अण्णांची तपासणी मंगळवारी आहे.